नेरकरांनी शोधलेली नैसर्गिक शैली

सुकदेव नेरकर बुद्धिबळात हरले, यात खरं तर सांगण्यासारखं काही नाही. खेळणारा माणूस कधीतरी हरतोच. पण नेरकर हरले ते भर गणपतीत, मंडळाच्या मांडवात, सुरतेतल्या अख्ख्या डिंडोलीच्या देखत, तेविसाव्या चालीला. आणि हरवणारा होता पंडित बोरसे, जो बारा तासांची पाळी संपवून तसाच आला होता आणि ज्याच्या बनियनला लूमच्या तेलाचा वास येत होता. डाव संपल्यावर पंडितनं हात जोडले आणि विचारलं, "भाऊसाहेब, चहा कोठे भेटी?" बस्स, एवढंच. विजयाची तिसरी प्रतिक्रिया त्याला सुचली नाही.

नेरकर म्हणजे लहान असामी नव्हे, असं नेरकरांचं मत होतं. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये ते फोल्डिंग खात्याचे सुपरवायझर होते. रंगून आलेल्या साडीच्या ताक्याची घडी सरळ बसली की नाही हे बघणं, हे त्यांचं काम. वीस वर्षं हे काम केल्यावर त्यांची अशी समजूत झाली होती की जगात जे जे वाकडं बसलंय ते त्यांना न विचारता बसवलेलं आहे. बायकोचा पदर, सोसायटीचं गटार, भारताचं परराष्ट्र धोरण, सगळ्यालाच त्यांची नापसंती होती.

शिवाय ते खान्देश मित्र मंडळाचे क्रीडाप्रमुख. या पदाला पगार नाही, अधिकार नाही, पण एक खुर्ची आहे. गणपतीत मंडळाच्या व्यासपीठावर लाल मखमलीच्या सहा खुर्च्या मांडतात. बाकी सगळी सतरंजी. त्या सहांतली डावीकडून दुसरी खुर्ची क्रीडाप्रमुखाची. ती चार वर्षं नेरकरांच्या बुडाखाली होती आणि तिच्यावर बसलं की समोरच्या गर्दीतले आपले शेजारी किती बुटके आहेत हे त्यांना स्वच्छ दिसायचं. बुद्धिबळाचा कपही तीन वर्षं त्यांचाच. आता यात भाग कोण घ्यायचे, तर डाव चालू असताना डुलकी काढणारे एक निवृत्त कंपाउंडर, चहासाठी येणारे दोघे आणि नेरकरांचा सख्खा मेहुणा. पट नेरकरांचा, सोंगट्या नेरकरांच्या, जोड्या लावायच्या चिठ्ठ्याही नेरकरच उचलायचे. अशा परिस्थितीत हरायला वेगळी प्रतिभा लागते.

मंडळाचे अध्यक्ष भाईदास चौधरी. त्यांची पिठाची चक्की होती आणि ते बोलायचेही जरा भरडच. विसर्जन झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते नेरकरांना म्हणाले की कारागिराकडून तेवीस चालींत मार खाणारा क्रीडाप्रमुख व्यासपीठावर बरा दिसत नाही, लोक विचारतात. ती अख्खी रात्र नेरकरांनी छताकडे बघत काढली, आणि सकाळी दात घासताना त्यांना साक्षात्कार झाला. आपण ज्याच्याकडून हरलो तो साधा माणूस असेल तर आपण गाढव ठरतो. पण तोच अलौकिक पुरुष असेल तर? मग आपण त्याला पहिल्यांदा ओळखणारे. हरलो नाही, शोध लावला.

झालं. तोंड धुऊन होईपर्यंत पंडित बोरसे अलौकिक झाला होता.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांत बुद्धिबळाचा नुसता पूर आला होता. आपल्या मद्रासचा एक तरुण न्यूयॉर्कला जगज्जेतेपदासाठी झुंजत होता आणि ज्यांना घोडा आणि उंट यांतला फरक कळत नव्हता तेही पानाच्या टपरीवर चालींवर मतं देत होते. एका अंकात कुणीतरी लिहिलं होतं की थोर खेळाडूची शैली साधी आणि नैसर्गिक असते. नेरकरांनी ते वाक्य कापून खिशात ठेवलं आणि पंडितचे डाव त्या वाक्यात बसवायला घेतले. आश्चर्य म्हणजे ते बसले. पंडित प्यादं कधीही दोन घरं पुढे टाकत नसे. पहिल्या चालीलासुद्धा एकच घर. राजाला कोपऱ्यात लपवून शेजारी हत्ती उभा करायचा, ज्याला किल्लेकोट म्हणतात, ते त्यानं एकाही डावात केलं नव्हतं. आणि नेरकरांशी खेळताना तर त्यानं कमालच केली होती. घोड्याच्या रांगेतलं त्याचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं, सगळ्यांना वाटलं आता वजीर मागणार. त्यानं मागितला घोडा. शंभर माणसं बघत असताना वजीर नाकारला! नेरकरांना आता आठवूनही गहिवरून येऊ लागलं. त्या घोड्यानंच त्यांना मात दिली होती हा तपशील त्यांनी गहिवरातून वगळला.

हे सगळं त्यांनी सुषमावहिनींना, म्हणजे स्वतःच्या पत्नीला, सविस्तर समजावलं. त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्याला ते माहीतच नसेल तर?"

नेरकर हसले. ज्यांना कलेतलं काही कळत नाही अशा माणसांसाठी त्यांनी एक हसू राखून ठेवलेलं होतं, ते. मग म्हणाले की तू मेथी निवड. वहिनींनी मेथी निवडली. या गोष्टीत शहाण्यासारखं वागलेलं पहिलं माणूस त्या, आणि दुर्दैवानं त्यांची भूमिका इथंच संपते.

मंडळाची स्मरणिका दर वर्षी गणपतीत निघायची. त्या वर्षी जाहिराती गोळा होईनात म्हणून ती पितृपक्षात निघाली. तिच्यात नेरकरांचा सात पानी लेख आला: 'साधेपणाचे शिखर'. लेखात पंडितची तुलना हिमालयाशी, नदीशी आणि एके ठिकाणी गायीशी केलेली होती. सर्वांत गाजला तो मधला परिच्छेद. प्लेगनंतर आपण सुरतेतला कचरा काढला, आता पटावरचा काढू या, असं आवाहन त्यात होतं. किल्लेकोट हा भित्र्यांनी साठवलेला कचरा आहे आणि प्यादं दोन घरं टाकणं ही हावरट माणसाची घाई. लेखासोबत फोटोही होता. पंडितचा नव्हे. हनुवटीखाली मूठ धरलेले नेरकर.

नुसतं लिहून ते थांबले असते तरी बरं होतं. पण माणसाला एकदा शिंगं फुटली की तो ती कुठेतरी घासतोच. ते स्वतः नैसर्गिक झाले. खुर्चीत बसून खेळणं बंद, जमिनीवर मांडी. विचार करणंही बंद, कारण विचार अनैसर्गिक. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ते पटापट एकेक घर प्यादी ढकलू लागले आणि आठवड्याभरात टाइमकीपर, स्टोअरवाला आणि बॉयलरचा फायरमन अशा तिघांकडून हरले. फायरमन तर आदल्याच महिन्यात खेळ शिकला होता. नेरकर म्हणाले, शैली मुरायला वेळ लागतो.

भाईदास लेखानं विरघळले नाहीत. ते म्हणाले, नवरात्राच्या आधीच्या रविवारी कतारगामला खुली स्पर्धा आहे, साऱ्या जिल्ह्याचे खेळाडू येतील, न्या तुमच्या हिमालयाला. पहिल्या दहात आला तर खुर्ची तुमची. नाही आला तर राजीनामा लिहून आणा, पोस्टाचं तिकीट वाया घालवू नका, हातोहात द्या. बैठकीत सगळ्यांच्या देखत असं ठरलं. नेरकरांनी छाती पुढे काढली आणि 'मंजूर' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता पंडितला विचारणं राहिलं होतं. तो खात्यावर, म्हणजे यंत्रमागांच्या शेडमध्ये, आठ लूम सांभाळायचा आणि तिथल्या आवाजात कुणालाच काही ऐकू जात नसल्यामुळे नेरकरांनी कलेविषयी दहा मिनिटं भाषण केलं तरी त्याला फक्त 'रविवार' आणि 'बुद्धिबळ' एवढंच कळलं. तेवढ्यावर तो हो म्हणाला. खेळायला मिळतंय ना, मग झालं. मालकाकडून सुट्टी त्यानंच मिळवली, रविवारच्या बदल्यात दोन पाळ्या जोडून करून.

स्पर्धेचा फॉर्म आणणं हे मात्र नेरकरांच्या वाट्याला आलं आणि तिथे नैसर्गिक असं काहीच नव्हतं. खेळाच्या कचेरीतले साहेब फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी बसत. मंगळवारी साहेब 'जमवा गया' होते आणि शुक्रवारी जेवून आले नव्हते. फॉर्म मिळाला तो गुजरातीत. त्याला रहिवासाचा पुरावा हवा; पंडितचं रेशनकार्ड शिरपूर तालुक्यातल्या गावी. मग सोसायटीचं पत्र, त्यावर शिक्का. शिक्का ज्यांच्याकडे ते बारशाला नवापूरला. फोटो कॉलरच्या शर्टातला हवा. पंडितचा एकुलता कॉलरचा शर्ट लग्नातला, त्याची बटणं लागेनात, म्हणून नेरकरांनी आपला दिला आणि फोटोत पंडित नेरकरांच्याच फोल्डिंग खात्यातून घडी करून आल्यासारखा दिसला. फॉर्मवर 'प्रशिक्षक' असा रकाना होता, तिथे नेरकरांनी वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. 'रेटिंग' असा दुसरा रकाना होता, तिथे लिहिलं: नैसर्गिक.

फॉर्मबरोबर एक पातळ पुस्तिकाही मिळाली होती, खेळाच्या नियमांची, तीही गुजरातीत. शेवटी सही करायची होती की नियम वाचले, मान्य आहेत. पंडितनं पुस्तिका हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं की यात काय लिहिलंय, एकदा वाचून दाखवता का. नेरकरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. ते म्हणाले, हे तुझ्यासाठी नाही रे. हे ज्यांना शिकावं लागतं त्यांच्यासाठी. पंडितनं निमूट सही केली. पुस्तिका नेरकरांच्या ऑफिसच्या बॅगेत गेली आणि डब्याच्या तेलात भिजली.

शेजाऱ्यांनी आपापल्या परीनं या कार्यात भर घातली. समोरच्या उषाबाईंनी रोज सात भिजवलेले बदाम सुचवले, आणि वाटीही पाठवली, रिकामी. कुणी म्हणालं, पूर्वेकडे तोंड करून बसवा. कंपाउंडर जागे झाले आणि म्हणाले, घड्याळ लावून खेळायची सवय पाहिजे. म्हणून घरचं गजराचं घड्याळ मधोमध ठेवून सराव झाला, तर ते ऐन शहाच्या वेळी वाजलं आणि खालच्या मजल्यावरचे पाण्याचा नळ आला म्हणून बादल्या घेऊन धावले. एका बँकेतल्या सद्गृहस्थानं मात्र विचारलं, अहो, त्याला निदान किल्लेकोट तरी शिकवा की. नेरकरांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

रविवारी भाईदासांच्या चक्कीचा टेम्पो निघाला. मंडळाची पंचवीस माणसं त्यात पोत्यांवर बसली आणि कतारगामला उतरली तेव्हा सगळी पिठानं पांढरी झाली होती. एका ज्ञातीच्या वाडीत, म्हणजे समाजाच्या कार्यालयात, स्पर्धा होती. लांब बाकं, पन्नास पट, आणि बघायला हिऱ्यांच्या कारखान्यातले घासणारे कारागीर, जे पटाकडेही एक डोळा बारीक करून बघत होते. पंडित नेरकरांच्या शर्टात बसला, दोन्ही पाय सवयीनं बाकावर घेतले आणि खेळू लागला. पहिला डाव जिंकला. दुसराही जिंकला. एकेक घर प्यादी सरकवत, राजाला उघड्यावर ठेवून, समोरच्या कॉलेजातल्या पोराला त्यानं असं काही आवळलं की पोरगा टाय सैल करू लागला. नेरकरांना राहवेना. ते बघ्यांना कुजबुजत्या आवाजात, म्हणजे वाडीच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा कुजबुजीत, समजावू लागले: पाहा, किल्लेकोट नाही, पाहा, घाई नाही. घासणाऱ्यांपैकी एकानं मान डोलावली. भाईदाससुद्धा म्हणाले, "माणूस आहे बुवा." नेरकरांना त्या क्षणी मखमल टोचली म्हणे, इतकी ती जवळ आली.

तिसऱ्या डावात समोर एक जाड चष्म्याचे गृहस्थ होते. त्यांनी राजा कोपऱ्यात नेऊन कुलूपबंद केला आणि पंडितच्या राजावर वजीर, दोन उंट असा सगळा लवाजमा आणला. पुढच्या चालीला शह, त्याच्या पुढच्याला मात, हे पिठानं माखलेल्या पंचवीसही जणांना दिसलं. पंडितला मात्र काही वाटत नव्हतं. त्यानं कान खाजवला, शांतपणे आपला राजा उचलला आणि घोड्यासारखी उडी मारून तो अडीच घरं पलीकडे, प्याद्यांच्या डोक्यावरून, सुरक्षित जागी नेऊन ठेवला. मग तो चष्मेवाल्यांकडे बघून जरा हसला, चांगल्या डावाला दाद मिळावी म्हणून माणूस हसतो तसा.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. पंच धावत आले आणि म्हणाले, "आ शुं कर्युं?"

पंडितला प्रश्नच कळेना. त्यानं सांगितलं की राजाला अजून एकही शह बसलेला नाही, म्हणजे त्याची एक उडी शिल्लक आहे, ती मारली. पंचांनी नियमाची पुस्तिका उघडून त्याच्या नाकासमोर धरली. राजाला उडीबिडी काही नाही. राजा जागेवर परत गेला, हात लावल्यामुळे तोच चालवावा लागला, आणि दोन चालींत मात झाली. पुढचे डाव पंडित खेळला खरा, पण त्याचं मन लागलं नाही. यादीत तो एकेचाळिसावा आला.

पण नेरकरांवर खरी कुऱ्हाड पडली ती यादीमुळे नव्हे. ती पडली बाहेर, टेम्पोपाशी. भाईदासांनी पंडितला विचारलं, बाबा रे, मग तू किल्लेकोट का करत नाहीस? पंडित म्हणाला, आमच्या गावच्या खेळात तो नाहीच. प्यादं दोन घरं? तेही नाही. घोडा का मागितला? घोड्याच्या रांगेत पोचलं तर घोडाच मिळतो, वजीर कसा मिळेल? चौथीत असताना त्याला आईनं, धुरपदाबाईंनी, अंगणात कोळशानं पट काढून शिकवलं होतं, ते असं. पंचवीस माणसं नेरकरांकडे बघू लागली. सात पानांची शैली सात सेकंदांत उतरली.

भाईदास सोडेनात. "अरे, पण समोरचे दोन घरं टाकतात, राजा हत्तीची अदलाबदल करतात, हे तुला दिसत नव्हतं?"

पंडित घुटमळला. त्यानं नेरकरांकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. तो फार भिडस्त माणूस होता.

"दिसे की, शेठ," तो म्हणाला. "गणपतीत भाऊसाहेबांनी पहिल्याच चालीला दोन घरं टाकली. मले वाटलं, कच्चं लिंबू असतील. आमच्या गावात कच्च्या लिंबाले सूट देतात, बोलून दाखवत नाहीत. मोठ्या माणसाले कसं सांगू?" आणि मग, प्रामाणिकपणे: "इथं आलो तर समदेच कच्चे लिंबू."

परतीच्या टेम्पोत नेरकर पुढे ड्रायव्हरजवळ बसले. मागून मंडळाचा आवाज येत होता. कुणी काही बोलत नव्हतं, हसत होतं.

त्यांना जरा तरी लाज असती तर त्यांनी घरी जाऊन राजीनामा लिहिला असता. त्यांनी दुसरंच केलं. बैठकीत उभे राहून म्हणाले की कतारगामचा सामना परक्या नियमांचा होता, आपल्या मातीतल्या कलावंतावर तो अन्याय झाला. तेव्हा आपल्याच गावच्या नियमांनी आपण पंडितशी एक डाव खेळू. हरलो तर खुर्ची सोडू. जिंकलो किंवा बरोबरी झाली तर खुर्ची जागच्या जागी. भाईदासांना गंमत वाटली. दसऱ्यानंतरचा रविवार ठरला. पंधरा दिवस नेरकर देशी नियम पाठ करत होते. किल्लेकोटाला कचरा म्हणणाऱ्या माणसाला आता किल्लेकोटाशिवाय झोप येईना, ही गोष्ट वेगळी.

रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाईदासांनी खवचटपणे ती मखमलीची खुर्ची मंडपवाल्याकडून आणवून भिंतीशी ठेवली होती. खाली सतरंजीवर पट. पंडित पाळी संपवून आला, बनियनवरच. प्यादी एकेक घर सरकू लागली. दहाव्या चालीपर्यंत नेरकरांचा एक हत्ती सोडला तर बाकी सगळं अडकलं होतं आणि पंडितचा वजीर मधल्या रांगेत येऊन बसला होता. नेरकरांनी खुर्चीकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं, आणि त्यांचा हात, वीस वर्षांच्या सवयीचा हात, आपसूक पुढे गेला. राजा दोन घरं उजवीकडे. हत्ती त्याच्या डावीकडे. किल्लेकोट.

नेरकरांच्या ध्यानात आलं तेव्हा बोटं अजून हत्तीवरच होती. आता चाल मागे घेतली तर डाव गेला आणि खुर्चीही गेली. न घेतली तर शंभर डोळे बघत होते.

पंडितनं पट पाहिला. मग त्यानं नेरकरांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, हेच वाईट होतं. तो हळूच, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब. तुम्हले चालस."

कुणीही मानी माणूस त्या क्षणी उठला असता, पट उधळला असता, निदान खोकला तरी असता. नेरकरांनी मान खाली घातली. मग पटावर आणखी थोडं वाकून, ओठ न हलवता त्यांनी विचारलं:

"आणि प्यादं दोन घरं?"

"ते बी," पंडित म्हणाला.

नेरकरांनी प्यादं दोन घरं पुढे सारलं. पंडितचीच हरकत नाही म्हटल्यावर इतरांनी ती घ्यायचा प्रश्नच नव्हता. पाच वाजता डाव बरोबरीत सुटला. पंडितनंच तो तसा सोडवला आणि चहा कुठे मिळेल ते विचारलं. मखमलीची खुर्ची नेरकरांनी स्वतःच उचलून मंडपवाल्याकडे पोचवली, आणि पुढच्या गणपतीपर्यंत ती कुणा दुसऱ्याला द्यायची नाही असं त्याला बजावलं.